शिसं निवडायला बसलो

सांगलीहून काकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं बाबा शेजारी गेलेत, निवडायला बसलेत. काका म्हणाले, काय निवडतोय, तांदूळ? म्हटलं नाही, शिसं. पलीकडे बराच वेळ शांतता.

तर झालं असं की गेल्या उन्हाळ्यात बाबा सहा महिने आमच्याकडे ओहायोला होते. इथल्या उपनगरात रिटायर्ड माणसाला करण्यासारखं काही म्हणजे काहीच नसतं, पायी जाऊन गाठावं असं दुकान नाही, कट्टा नाही, पेपर नाही, आम्ही दोघं दिवसभर लॅपटॉपसमोर. पहिले दोन आठवडे त्यांनी आमच्या घरातले सगळे कपाटांचे स्क्रू आवळले. तिसऱ्या आठवड्यात ते शेजारच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजसमोर हात मागे बांधून उभे दिसले, आणि त्यानंतर शनिवार-रविवार ते तिथेच.

हा शेजारी सत्तरीतला, आयुष्यभर टूलमेकरचं काम केलेला, आणि गेली चाळीसेक वर्षं स्वतःच्या रिव्हॉल्व्हरसाठी शिशाच्या गोळ्या स्वतः ओततोय. दर गुरुवारी क्लबच्या रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडतो आणि घरी येतो, इतकाच शौक. बाबांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं शिसेराव. मी पण आता तेच म्हणतो.

आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे बंदूक नाही, घ्यायचीही नाही, आणि हे वाचून भारतात कुणी असलं काही करायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडे १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट आहे आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. इथे स्वतःच्या वापरापुरतं बनवायला लायसन लागत नाही, विकायला लागतं. माझं या सगळ्यातलं काम बाबांना सोबत आणि दुभाष्या एवढंच होतं, पण हळूहळू मीच त्याच्या शिशाच्या बादलीत अडकलो. गोळी ओतण्यापेक्षा मला त्याच्या आधीचं काम जास्त आवडलं, म्हणजे ज्यातून हे शिसं येतं ती गाडीच्या चाकांची जुनी वजनं निवडणं.

वजनं म्हणजे कुठली ते सांगतो. गाडीचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग करायला नेली की तो माणूस चाक मशीनवर गरगर फिरवतो आणि मग रिमच्या कडेला एक छोटंसं राखाडी तुकडं हातोडीने ठोकतो, ते. त्याला पोलादी क्लिप असते. दुसरा प्रकार मॅगव्हीलवाल्यांचा, रिमच्या आतून चिकटवायची पट्टी, मागे डबल टेप. टायर बदलला की जुनी वजनं काढून बादलीत टाकतात. टायरवाल्याकडे अशा बादल्या साठत जातात, आणि शिसेरावसारखी माणसं त्या विकत घ्यायला टपलेली असतात. रंगाची रिकामी पाच गॅलनची बादली, म्हणजे साधारण १९ लिटर, ती वजनांनी भरली की शंभर पौंडाच्या वर जाते, एकट्याने उचलायला जाऊ नका. मी गेलो होतो. कंबर.

आता ही वजनंच का, साधं शिसं का नाही, हा प्रश्न बाबांनी पहिल्याच दिवशी विचारला आणि मी भाषांतर केलं. शुद्ध शिसं फार मऊ, नखाने ओरखडा उठतो. गोळी नळीतून जाताना मऊ शिसं आतल्या आट्यांना फासलं जातं, मग ते खरवडत बसा. क्लिपवाल्या वजनात शिशाबरोबर तीनेक टक्के अँटिमनी असतं, अर्धा टक्का कथील, आणि किंचित आर्सेनिक. तेवढ्याने ते दुप्पट टणक होतं. ब्रिनेल म्हणून टणकपणाचं एक माप आहे, त्यात शुद्ध शिसं ५ च्या आसपास आणि क्लिपवालं वजन १० ते १२. त्यात आर्सेनिक असल्यामुळे गरम गोळी साच्यातून थेट पाण्याच्या बादलीत टाकली तर ती अजून टणक होते, पोलादाला पाणी देतात तसंच काहीसं. चिकटवायची वजनं मात्र जवळजवळ शुद्ध शिसं, ती बोटाने वाकतात. म्हणजे दोन्ही शिसंच पण कामाला वेगळी, एकत्र वितळवली तर धड ना हे धड ना ते.

मी हे सगळं सांगितलं तर बाबा म्हणाले, अरे हे तर खिळ्याचं शिसं!

हे समजायला आजोबांचं सांगायला लागेल. आजोबा सांगलीत एका छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे जुळवणारे. छपाईचे खिळे म्हणजे काय, तर शिसं, अँटिमनी आणि कथील. तीच तीन धातूंची मंडळी, फक्त प्रमाण वेगळं, खिळ्यात अँटिमनी बरंच जास्त. अँटिमनीमुळे धातू टणक होतो आणि थिजताना आकसतो कमी, त्यामुळे अक्षराची कड साच्यासारखी धारदार उठते. गोळीलाही नेमकं तेच हवं असतं, कड स्वच्छ उठायला हवी. शिसेरावला मी हे सांगितल्यावर तो आतून एक जुना बिस्किटाचा डबा घेऊन आला, त्यात लायनोटाईपच्या ओळी. अख्खी ओळ एका पट्टीत ओतलेली, उलटी अक्षरं. त्याने कुठल्यातरी बंद पडलेल्या प्रेसमधून कधीकाळी घेतल्या होत्या आणि आता सोन्यासारख्या जपून वापरतो, चिमूट-चिमूट, आपण केशर टाकतो तसं. लायनोटाईपमध्ये ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. मऊ शिशात थोडं टाकलं की ते टणक होतं. पण आता ते मिळणार कुठून, न्यूयॉर्क टाइम्सनेच १९७८ मध्ये गरम शिशाची छपाई बंद केली, बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

बाबांनी त्यातली एक पट्टी उचलली आणि उलटी अक्षरं वाचायला लागले. इंग्रजी. उलटी. मला ती सुलटी करून वाचायला फोनने फोटो काढायला लागला असता. म्हणाले लहानपणी डबा द्यायला जायचो ना प्रेसमध्ये, तेव्हाची सवय आहे.

डबा देऊन झाला की आजोबा त्यांना कामाला बसवायचे. छापून झालेला मजकूर सोडवून एकेक खिळा परत त्याच्या घरात टाकायचा. इंग्रजीचं बरं, सव्वीस अक्षरं लहान नि मोठी. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांट्या-जोडाक्षरं, खिळ्यांच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, शेकडो घरं. एक खिळा चुकून शेजारच्या घरात पडला की पुढच्या वेळी जुळवताना हात आपोआप त्या घरात जाणार आणि चुकीचा खिळा उचलणार, आणि कुणाच्यातरी लग्नपत्रिकेत मुद्राराक्षस अवतरणार. त्यामुळे पोरांना चपळाईपेक्षा खात्री शिकवायचे. बाबा म्हणाले तुझे आजोबा मारायचे नाहीत पण चुकीचा खिळा सापडला की तो आमच्या तळहातावर ठेवून तसेच बघत राहायचे. मारलेलं परवडलं.

हे सांगण्याचं कारण, चाकाच्या वजनांत मुद्राराक्षस म्हणजे जस्त.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी म्हणे निवडायची भानगडच नव्हती, बादली सरळ पातेल्यात ओतायची, क्लिपा आणि कचरा वर तरंगतो तो काढायचा आणि झालं. मग लोकांच्या लक्षात आलं की ही वजनं रस्त्यावर गळून पडतात, गाड्यांखाली भरडली जातात, आणि ती शिशाची पूड पावसाबरोबर गटारात आणि पुढे नदीत. युरोपने २००५ पासून नव्या गाड्यांवर शिशाची वजनं बंद केली. अमेरिकेत अख्ख्या देशाला लागू असा कायदा नाही पण कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मेन, व्हरमॉन्ट, न्यूयॉर्क, इलिनॉय अशा राज्यांनी आपापली बंदी आणली. ओहायोत नाही. पण ज्या गाडीचं बॅलन्सिंग इलिनॉयमध्ये झालं ती ओहायोत टायर बदलते, आणि मुळात कंपन्यांनीच पोलाद आणि जस्ताची वजनं बनवायला घेतली, त्यामुळे आता बादली म्हणजे मिसळ. मला विचाराल तर बंदी योग्यच आहे. शिसेरावला विचाराल तर तो पण योग्य म्हणतो, फक्त उसासा टाकून.

पोलादाचं तसं टेन्शन नाही. ते वितळत नाही, वर तरंगतं, झाऱ्याने काढून टाका. त्रास जस्ताचा. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, जस्त ४२० ला. मधे नव्वदेक अंशांची फट आहे आणि सगळा खेळ त्या फटीत. आच कमी ठेवली तर जस्ताचं वजन शिशावर लाकडासारखं तरंगत राहतं, घनता कमी ना, शिसं ११.३ आणि जस्त ७.१. ते दिसलं तर उचलून टाकता येतं. पण आच चढली आणि ते विरघळलं की मग संपलं.

म्हणून आधीच हाताने निवडायचं. आता याची पद्धत.

काहींवर अक्षरंच असतात, झेड-एन म्हणजे जस्त, एफ-ई म्हणजे लोखंड, इतकं सरळ. पण एम-सी, ए-डब्ल्यू, पी असलीही अक्षरं असतात, ती बघून नवखा माणूस गोंधळतो, त्यांचा धातूशी संबंध नाही, कुठल्या रिमच्या कडेला ती क्लिप बसते त्याची खूण आहे ती. आणि बऱ्याच वजनांवर राखाडी रंगाचा जाड थर असतो, वर ब्रेकची काजळी, अक्षरं दिसतच नाहीत. चष्मा असून उपयोग नाही.

मग लोहचुंबक. मी पहिल्या दिवशी मोठ्या हुशारीने बादलीत चुंबक फिरवला आणि जवळजवळ सगळंच चिकटून वर आलं. शिसेराव हसायला लागला. अहो क्लिप पोलादाची आहे ना, शिशाच्या वजनालाही तीच क्लिप! चुंबक लावायचा तो क्लिपला नाही, पोटाला. म्हणजे एकेक उचलूनच बघायला लागतं, शॉर्टकट नाही.

पोलाद बाजूला गेल्यावर शिसं की जस्त, त्याला साईड कटर. कडेला कटरने चावायचं. शिसं असेल तर कटर लोण्यात गेल्यासारखा आत जातो आणि आत चकचकीत चांदीसारखा रंग दिसतो. जस्त असेल तर कटर घसरतो, फारतर एक बारीक ओरखडा. हे शंभर टक्के खात्रीचं पण शंभर पौंडांच्या बादलीत छोटी छोटी शेकडो वजनं, तासाभरात अंगठ्याच्या बुडाशी असा ठणका लागतो की चहाचा कप धरवत नाही.

बाबांनी तिसऱ्या दिवसापासून कटर बाजूला ठेवला. वजन उचलायचं, गॅरेजच्या फरशीवर वीतभर उंचीवरून सोडायचं आणि ऐकायचं. शिसं पडलं की थड्. मेलेला आवाज, जमिनीने गिळल्यासारखा. जस्त पडलं की टिण्ण करतं, उडी मारतं. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो की नाही, तस्सं. शंका आली तरच कटर. वाटलं म्हाताऱ्यांचं काहीतरी असतं म्हणून मी त्यांनी शिसं म्हणून टाकलेल्यातली मूठभर वजनं परत कटरने तपासली, सगळी बरोबर. शिसेराव म्हणाला हो, आवाजावरून निवडणारे आहेत बरेच, पण त्याला स्वतःला आता उजव्या कानाने कमी ऐकू येतं, चाळीस वर्षं रेंजवर काढल्यावर येणारच कमी ऐकू.

अजून एक गोष्ट बाबांनी पकडली. वजनावर आकडा कोरलेला असतो, एक औंस, दीड औंस, असा. एकाच आकड्याची दोन वजनं शेजारी ठेवली तर जस्ताचं अंगाने चांगलंच थोराड असतं, कारण तेवढंच वजन भरायला हलका धातू जास्त लागतो. दोन्हींवर एकच लिहिलंय आणि हा बघ कसा फुगलाय, म्हणाले. आर्किमिडीज आमच्या घरात चाळीस वर्षं जिल्हा परिषदेत क्लार्क होता आणि आम्हाला पत्ता नाही.

आणि शेवटची टेस्ट मला सगळ्यात आवडली. टणकपणा किती आहे हे मोजायला महागडी यंत्रं मिळतात पण गोळ्या ओतणारे बरेच लोक चक्क चित्रकलेच्या पेन्सिली वापरतात. सहा-बी पासून एच पर्यंतचा सेट घ्यायचा, शिशाच्या पृष्ठभागावर पेन्सिल टोचून पुढे ढकलायची, मऊ पेन्सिल नुसती घसरते, पुरेशी कडक पेन्सिल धातू खरवडते. कुठल्या नंबरला खरवडलं त्यावरून टणकपणाचा अंदाज. मी बाबांना म्हटलं बघा, शिसपेन्सिलीने शिसं तपासतायत. पेन्सिलीत शिसं कधीच नसतं, ग्रॅफाईट असतं, नाव मात्र आपण शिसं लावून ठेवलंय आणि शाळेत 'शिसं मोडलं, शिसं मोडलं' म्हणत सबंध बालपण काढलं.

बादलीत वजनांशिवाय काय काय निघतं याची एक वेगळी पोस्ट होईल. टायरचे व्हॉल्व्ह, चाकाचे नट, सिगारेटची थोटकं, च्युइंगगम, दुकानाच्या पावत्या, एक ब्लेड, एक बाळाचा मोजा (कसा?), आणि तंबाखूची पिंक. टायरवाल्यांना बादली म्हणजे पिकदाणी वाटते, या बाबतीत सांगली आणि ओहायो एक आहेत.

एका बादलीचा हिशोब मी लिहून ठेवला होता, कारण बाबांना हिशोबाशिवाय चैन नाही. एकूण १०८ पौंड. त्यात क्लिपवालं शिसं ४७, चिकटवायचं शिसं १२, पोलाद २९, जस्त १४, कचरा ६. म्हणजे बादलीचे पैसे पूर्ण आणि शिसं निम्म्याहून जरासं जास्त. क्लिपवाल्या ४७ चं वितळवून क्लिपा काढल्यावर चाळीसेक पौंड उरलं. शिसेरावची गोळी १५८ ग्रेनची. पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे पौंडाला ४४ गोळ्या, म्हणजे एका बादलीत साडेसतराशेच्या आसपास. चिकटवायचं मऊ शिसं तो वेगळं ठेवतो, त्याचा एक मित्र तोंडाकडून ठासायची जुन्या पद्धतीची बंदूक चालवतो, तिला गोल आणि मऊच गोळी लागते, ते त्याला देतो आणि बदल्यात हरणाचं मटण. पोलाद आणि जस्त परत भंगारात.

आता हात धुण्याबद्दल, कारण हे मी गंमतीत घेतलं होतं आणि घ्यायला नको होतं. लोकांना वाटतं वितळलेल्या शिशाची वाफ धोक्याची. त्या तापमानाला वाफ फारशी होत नाही, शिसं उकळतं १७०० अंशांच्या वर. खरा धोका त्या बादलीतल्या राखाडी पुडीचा, जी हाताला लागते आणि हातातून तोंडात जाते. निवडताना नायट्रिलचे ग्लोव्ह, निवडायचे कपडे आणि बूट गॅरेजातच, घरात नाही, आणि त्या जागेत खाणंपिणं अजिबात नाही. पहिल्या दिवशी बाबा चहाचा कप घेऊनच गेले होते, शिसेरावने दारातच अडवलं, कप काढून घेतला आणि बाहेर कठड्यावर ठेवला. बाबांना राग आला. पाहुण्याच्या हातातला चहा कुणी काढून घेतं का! मी समजावलं. माझी मुलगी पाच वर्षांची, तिला त्या गॅरेजच्या दारातही बंदी, कारण लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि सुरक्षित अशी पातळीच नाही, इथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातली लक्ष द्यायची पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. शिसेराव स्वतः दर वर्षी रक्त तपासून घेतो.

आजोबा रोज दुपारी गुळाचा खडा खायचे, शिशावर उतारा म्हणून. प्रेसमधले सगळेच खायचे म्हणे. बाबांनी ते शिसेरावला सांगितलं, मी भाषांतर केलं, त्याने विचारलं, हात धुऊन खायचे का? बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, नाही रे, तसेच काळ्या हाताने.

वितळवणं मी थोडक्यात सांगतो, कारण मी तिथे बहुतेक वेळ दहा फूट लांब उभा होतो. अंगणात, बिडाचं जाड पातेलं, खाली गॅसचा शेगडा, लांब बाह्या, चेहऱ्यावर शील्ड. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशात गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि पातेलं कारंज्यासारखं उडतं, म्हणून ओली वजनं कधीही गरम पातेल्यात टाकायची नाहीत, थंड पातेल्यात भरायची आणि मग आच लावायची. जुलैत आभाळ नुसतं भरून आलं तरी शिसेराव सगळं बंद करायचा, आम्ही कोल्हापूर-सांगलीकडची माणसं, आम्हाला चार थेंबांचं काय, पण तो ऐकायचा नाही. वितळल्यावर क्लिपा झाऱ्याने काढायच्या, मग वर लाकडाचा भुसा टाकून काठीने ढवळायचं, धूर होतो, जळतो, आणि वरची राखेसारखी साय जाऊन खाली आरसा दिसायला लागतो. भुशातल्या कार्बनमुळे गंजलेलं कथील परत धातू होऊन शिशात उतरतं. पहिल्यांदा तो आरसा दिसला तेव्हा बाबा ओरडलेच, कल्हई! कल्हईवाला नवसागर टाकून कापूस फिरवायचा आणि काळ्या पातेल्याचा चंद्र व्हायचा, ते आठवलं त्यांना. रसायन वेगळं आहे पण आनंद तोच. मग केकच्या कपांच्या जुन्या ट्रेमध्ये ओतून त्याच्या वड्या.

ऑगस्टमधल्या एका रविवारी बाबांना बरं नव्हतं म्हणून मी एकटा निवडायला बसलो. ऑफिसचं काहीतरी डोक्यात, कानात हेडफोन. हेडफोन! आवाजावरून निवडायचं काम आणि मी कानात पॉडकास्ट घालून बसलो. कटरने चावत होतो पण अंगठा दुखायला लागल्यावर शेवटची शंभरेक नुसती बघून टाकली. पातेलं चढवलं, शिसेरावला घरातून फोनसाठी बोलावलं, मी थर्मामीटरवर लक्ष ठेवणार होतो. ठेवलं नाही. तो परत आला तेव्हा काटा ८०० फॅरनहाईटच्या, म्हणजे सव्वाचारशे सेल्सिअसच्या पुढे गेला होता, तो एरवी साडेसहाशेच्या आसपास ठेवतो, सातशेला बंदच करतो. आणि पातेल्यात आरसा नव्हता. लापशी होती. दाट, गुठळ्या गुठळ्यांची, पळीला चिकटणारी. तीन-चार जस्ताची वजनं असतील फारतर. त्याने एक वडी ओतून बघितली, वरून सुरकुतलेली, साच्याचे कोपरेच भरेनात. असल्या शिशाची गोळी ओतली तर कड अर्धवट, पोटात खळगे.

तो काही बोलला नाही. त्या सुरकुतलेल्या वडीचा थंड झालेला गोळा त्याने माझ्या ग्लोव्हमधल्या तळहातावर ठेवला आणि बघत राहिला. मला एकदम आजोबा कसे दिसत असतील ते कळलं, मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय.

तीस पौंड वाया गेलं. जस्त शिशातून काढायचे उपाय लोक सांगतात, हे टाका ते टाका, शिसेराव म्हणाला नको, त्या धुरापेक्षा नांगर बरा. त्याचा पुतण्या लेक ईरीवर मासे पकडायला जातो, त्याच्या बोटीसाठी त्या सगळ्याचा एक बेढब नांगर ओतून दिला. बाबांना संध्याकाळी सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, कानात काय होतं तुझ्या?

सप्टेंबरच्या शेवटी बाबा परत गेले. जायच्या आधी त्यांनी शिसेरावच्या फळीवरच्या सगळ्या वड्या लावून दिल्या, क्लिपवाल्या एका बाजूला, चिकटवायच्या एका बाजूला, आणि चुकून मिसळू नयेत म्हणून काळ्या मार्करने प्रत्येक वडीवर लिहिलं. क्लिपवालीवर 'क्लि', चिकटवालीवर 'चि'. मराठीत. मी म्हटलं बाबा त्याला कसं कळणार, म्हणाले चित्र म्हणून कळेल, त्यात काय आहे.

आणि कळलं. आता नवीन बादली आली आहे, ९५ पौंडांत शिसं सगळं मिळून ३१ निघालं, टायरवाल्याने सांगितलं की त्याचा सप्लायर आता शिशाची वजनं देतच नाही, जी येतायत ती फक्त जुन्या चाकांवरून निघालेली. शिसेराव म्हणाला अजून थोडी वर्षं तरी पुरेल, माझं वयही बघ ना. नव्या वड्या त्याने स्वतःच लावल्या आणि बाबांच्या वड्या समोर ठेवून त्यावरचं अक्षर बघून बघून उतरवलं. मी फळीचा फोटो काढून सांगलीला पाठवला. रात्री बाबांचा मेसेज, छान वाटलं वगैरे काही नाही, सरळ मुद्द्याला हात:

"चि ची वेलांटी दुसरी दिलीय त्याने. ऱ्हस्व आहे. सांग त्याला."